पावण्यांनी बुजवलेली खिडकी

आमच्या वडिलांनी घर बांधलं ते राहण्यासाठी कमी आणि माझ्या लग्नाचा मांडव घालण्यासाठी जास्त. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि लग्नाचं नाव काढलं की ताटावरून उठत होते. पण आमच्या घरात माझं मत विचारायची पद्धत नव्हती. कोल्हापूरच्या बाहेर, जिथे ऊस संपून प्लॉट सुरू होत होते, तिथे वडिलांनी जमिनीचा एक तुकडा घेतला होता. म्युनिसिपालटीतून नकाशा पास झाला होता. गवंड्याने चुन्याच्या रेघा मारून पाया कुठे खणायचा तेही आखलं होतं.

त्या संध्याकाळी वडील रेघांच्या पुढे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरले, डोळे बारीक केले आणि गवंड्याला म्हणाले, "हितं मांडव बसत न्हाई. घर मागं घ्या."

"नकाशात असंच हाय की," गवंडी म्हणाला.

"नकाशाला काय लग्नाची पोरगी हाय व्हय?"

झालं. घर मागे गेलं. किती, तर वडिलांच्या अंदाजाने 'जरासं'. हा माणूस एका कारखान्यात फिटर होता. कामावर सूतभर फरक पडला तर हाताखालच्या पोरांच्या सात पिढ्या काढायचा, आणि स्वतःचं घर मात्र त्याने नुसत्या नजरेने सरकवलं.

आईने या घरात एकच गोष्ट मागितली होती. आम्ही राहायचो त्या भाड्याच्या जागेत स्वयंपाकाची खोली आतल्या अंगाला होती आणि तिला तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती होत्या. भर दुपारी दिवा लावावा लागे. मालक दिव्यावरून कुरकुर करी, म्हणून बऱ्याचदा तो लावलेलाही नसे. माझ्या जन्माच्या आधीपासून आई त्या अंधारात भाकऱ्या थापत होती. नव्या घरात फरशी कसलीही घाला, रंग कसलाही द्या, पण ओट्यासमोर खिडकी पाहिजे, असं तिने गवंड्याला स्वतः जाऊन सांगितलं. वडिलांना सांगण्यात अर्थ नसतो हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं, म्हणून खिडकी मागच्या भिंतीत बसली. भिंती उठत होत्या तेव्हा आई रोज बांधकामावर पाणी मारायला जायची आणि काम झालं की त्या रिकाम्या चौकोनातून पलीकडे बघत उभी राहायची. बघण्यासारखं पलीकडे काही नव्हतं. एका निवृत्त हेडमास्तरांचं घर, त्यांची पपईची झाडं आणि बनियनवर फिरणारे स्वतः हेडमास्तर. तरी ती बघायची. मी एकदा विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, "उजेड."

घर झालं आणि मग आम्हाला नियम कळला. भिंत मागच्या हद्दीपासून ठराविक अंतर सोडून असेल तरच तिच्यात खिडकी ठेवता येते. म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर येणार, मापं घेणार, सगळं नकाशाबरहुकूम असेल तर राहायचा दाखला देणार, आणि तो दाखला दाखवल्यावर नळ मिळणार. वडील म्हणाले, मी बघतो. हे ऐकून आईने देवाला दिवा लावला.

ओव्हरसियर सायकलवरून आला. तरुण, घामाघूम, कॅरिअरला फायली बांधलेल्या. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त लवकर घरी जायचं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला शिपाई आला नव्हता, म्हणून त्याने ते वडिलांच्याच हातात दिलं. वडील हद्दीच्या तारेपाशी वाकले, टोक तारेखालून सरकवून हेडमास्तरांच्या पपईच्या आळ्यात टेकवलं आणि चेहरा सरळ ठेवून म्हणाले, "धरलंय बघा."

ओव्हरसियरने टेपकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. खिडकीत आई उभी होती, त्याच्यासाठी केलेल्या चहाचा कप हातात घेऊन. "ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने टेप गुंडाळली. मला आजही वाटतं की त्याला सगळं दिसलं होतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण समोरच्याचं गाव विचारल्याशिवाय वडिलांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

"पावणं, गाव कुठलं म्हणायचं?"

"कागलकडलं."

"कागलकडं कुठं?"

गाव निघालं. गावावरून घराणं निघालं, घराण्यावरून सोयरीक निघाली आणि कप रिकामा व्हायच्या आत वडिलांनी त्याला आमच्या थोरल्या आत्याच्या जावेच्या भाच्यापर्यंत आणून सोडलं. मग ते मोठ्याने म्हणाले. मोठ्याने म्हणजे मशिनं चालू असताना बोलायची सवय असलेल्या माणसाच्या मोठ्याने. "आरं तिच्या, म्हंजे तुमी आमचं पावणंच की! मग कसली मापं अन् कसलं काय."

तारेपलीकडे हेडमास्तर पपईला पाणी घालत होते. त्यांनी बादली खाली ठेवली.

"पावणे आहेत का आपले? छान," ते ओव्हरसियरला म्हणाले. "मग साहेब, माप जरा पुन्हा घ्या. उद्या उगाच कुणी काही बोलायला नको. मघाशी टेपचं टोक माझ्या आळ्यात होतं."

ओव्हरसियरचा चेहरा पार पडला. त्याने टेप पुन्हा काढली आणि या वेळी टोक धरायला हेडमास्तरांनाच बोलावलं. अंतर दीड फूट कमी भरलं.

"काका, आता माझा इलाज न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी पावणं म्हणून बसला. आता सोडलं तर माझ्या नोकरीवर येतंय. भिंत पाडा म्हणत न्हाई मी. खिडकी तेवढी विटा-सिमेंटात बुजवा, मी येऊन बघतो आणि दाखला देतो."

मला हेडमास्तरांचा राग आला नाही. त्यांचं आळं, त्यांची पपई. वडिलांचा मात्र असा संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गवंडी खिडकी बुजवत होता तेव्हा आई शेवटची वीट बसेपर्यंत तिथेच उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड एकेका थराने कमी होत गेलेला मी पाहिला. वडील दारातून डोकावले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं. शंभरचा बल्ब लावतो की."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग ती पदर खोचून पुढच्या खोलीत गेली. ही वडिलांची बैठकीची खोली. घरातली सगळ्यात मोठी खिडकी इथे होती, मांडवाच्या जागेकडे तोंड करून. वडिलांनी दोन लोखंडी खुर्च्या आणि एक टीपॉय आधीच आणून मांडला होता. आईने टीपॉय उचलून बाजूला केला आणि गवंड्याला हाक मारली.

"ओटा हितं घाला. खिडकीखाली."

"हितं?" वडील म्हणाले. "ही बैठकीची खोली हाय."

"बैठक मागं घ्या. शंभरचा बल्ब हाय की तिथं."

"अगं, दार उघडलं की फोडणी! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, वास चांगला सुटलाय."

गवंडी दोघांच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी त्याने आईचं ऐकलं, कारण दुपारची भाकरी त्याला तीच द्यायची.

ओव्हरसियर परत आला त्या दिवशी आई नव्या ओट्यावर, स्टोव्हपुढे उभी होती. त्याने मागची भिंत ठोकून बघितली, मान हलवली आणि पुढे येऊन नकाशा उलगडला. नकाशात जिथे बैठक होती तिथे वांगी शिजत होती. आयुष्यात पहिल्यांदाच वडील म्युनिसिपालटीच्या बाजूने बोलले.

"पावणं, हे चालतंय व्हय नियमात? बघा, नीट बघा. चालत नसंल तर सांगा, मी लगेच काढायला लावतो."

ओव्हरसियरने खिडकीतून बाहेर बघितलं, आत बघितलं, आईकडे बघितलं.

"हवा हाय, उजेड हाय," तो म्हणाला. "चूल कुठं मांडायची ते काकी ठरवणार. त्यात आमी पडत न्हाई."

आणि त्याने ओट्यावरच कागद ठेवून सही केली. वडील असे काही बघत राहिले की जणू सख्ख्या भावाने वाटणीत फसवलं.

आम्ही राहायला गेलो. वडील हट्टाने मागच्या खोलीत बसू लागले. येणारा माणूस मात्र दारातून आत आला की स्वयंपाकघरातच टेकायचा, आईशी बोलायचा, चहा घ्यायचा आणि तिथूनच परत जायचा. मागे कुणी फिरकत नव्हतं. वडील आतून खाकरायचे. मला त्यात आसुरी आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

मग एका रविवारी लाईट गेली. वडील पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. भर दुपार होती, ऊन थेट ओट्यावर आलं होतं आणि आई भाकरी थापत होती.

"हितं बसू का जरा?"

आईने स्टुलावरची कोथिंबीर उचलली. वडील बसले, पेपर उघडला, परत मिटला.

"त्या खोलीत दिवसा बी डोळ्यात बोट घातलं तर दिसत न्हाई गं," ते म्हणाले. "माणसानं बसायचं कसं तिथं?"

आईने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

"अंधारात बसायचं कसं ते मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "मी उभीच हुते."