लीड माझी होती

आमची पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. सकाळी साडेसात वाजता पाच जणांची पार्टी एका दोराला बांधून पुढच्या पोस्टकडे निघाली. सर्वांत पुढे नायक दिलीप शेंडे, त्याच्यामागे मी, म्हणजे लान्स नायक प्रकाश.

आम्ही दोघं भिलाईचे; दिलीप खुर्सीपारचा, मी सेक्टर २ चा. दोघांचे वडील स्टील प्लांटमध्ये कामाला. शाळेत एकाच सायकलवर जायचो. हँडल कायम त्याच्याकडे, मी मागे कॅरिअरवर. फौजेतही तेच. भरती एका दिवशी झालो, पण नायक तो आधी झाला. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळत होतो.

बर्फात पुढचा माणूस काठीने टोचत वाट काढतो आणि लवकर थकतो. म्हणून दर वीस मिनिटांनी लीड बदलायची, असा नियम. साडेनऊला माझी पाळी आली.

"दिल्या, बदली."

"राहू दे. तू खोकून राहिला."

"मले काही नाही झालं. हट."

तो हटला नाही. पोस्टवरून दुर्बिणीने बघणाऱ्या साहेबांचा रेडिओवर आवाज आला, "लीड क्यों नहीं बदली? ओव्हर."

"नंबर दो को खाँसी है. लीड मैं रखूँगा. ओव्हर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांसमोर मला दुबळा ठरवून शाबासकी एकट्याने लाटायची, असंच वाटलं. मी त्याच्यामागे चालत राहिलो.

पावणेदहाला त्याच्या पायाखालचा बर्फ खचला आणि तो खालच्या भेगेत गेला. दोराला हिसका बसला. मी आइस ॲक्स रोवून पालथा पडलो. मागच्या तिघांनी दोर धरला. सव्वादहाला आम्ही त्याला भेगेतून वर काढलं. डोक्याला मार होता. श्वास नव्हता.

आज भिलाईत एका चौकाला त्याचं नाव आहे. दरवर्षी त्या दिवशी फोटोला हार घालायला मला बोलावतात. भाषणात म्हणतात, त्यागाशिवाय मोठेपण नाही. मी खाली बघतो. पाळी माझी होती, तर चौकही माझा, असा विचार मनात येतो आणि स्वतःचीच लाज वाटते.

यंदा कार्यक्रमानंतर त्याच्या आईला घरी सोडायला गेलो. खाटेवर बसून सगळं सांगितलं. पाळी कोणाची होती तेही, आणि मी जळत होतो तेही.

 माय म्हणाली, "लहानपणी टायफाइड झाल्यावर तुले दम लागे नं. म्हणून तो तुले हँडल देत नव्हता. मले म्हणे, माय, पक्याले सांगू नको, त्याले राग येते."

 मायने चहा ठेवला.

नायक दिलीप शेंडे, खुर्सीपार. त्या दिवशी दोराला बांधलेले बाकीचे चौघं आम्ही अजून जिवंत आहोत. मला त्याचा आजही हेवा वाटतो, पण आता चौकासाठी नाही, न सांगता माझा दम सांभाळला त्यासाठी.