चौथ्या गोळीचा आकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड माहीत नाही.

दोन हजार सहा-सात साली मी कार्डिफला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होते. तिथे देवधरकाका भेटले, निवृत्त सर्जन. नेमबाजीचं वेड मला त्यांनीच लावलं. ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर बंदी आलेली, म्हणून क्लबात पिस्तुलाचीच काडतुसं लांब रायफलीतून उडवायची. काका ती घरी स्वतः भरायचे — एकेकात दारू तोलून, ऑपरेशनला उभं राहावं तशा शिस्तीत. “हात अजून शाबूत आहेत बघ,” म्हणायचे. त्या हातांचा त्यांना फार अभिमान. आणि मला त्यांचा.

नव्या काडतुसांची चाचणी रविवारी सकाळी. काका पाच गोळ्या झाडणार, मी शेजारी बसून वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा वहीत उतरवणार. नियम एकच — आकडा आला नाही तर हात वर करायचा, थांबायचं, नळी तपासायची; गोळी आत अडकली असली तर पुढची झाडणं धोक्याचं. काकांना कमी ऐकू यायचं. बार फुसका गेला तर तो मलाच कळणार होता.

चौथा बार फुसका गेला. यंत्राचा पडदा कोरा. मला कळलं नाही का? शंका आली होती — खोटं कशाला बोलू. पण ढगाळ हवेत ते यंत्र आकडे गाळायचंच, आदल्या रविवारी त्यापायी सगळं पहिल्यापासून करावं लागलं होतं, थंडीनं बोटं बधिर झालेली... मी तिसऱ्याच्या जवळपासचा एक आकडा लिहिला आणि ‘ठीक’ म्हणून मान हलवली.

काकांनी पाचवी झाडली. नळी फुगली. कुणाला लागलं नाही, एवढंच.

क्लबच्या सेक्रेटरींना वाटलं, आधीची गोळी आत अडकली असणार. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“चौथीचं रीडिंग आलं होतं ना गं?”

“हो काका. वहीत आहे की.”

चौथ्या काडतुसात दारू भरायची राहिली होती. काकांची चूक एवढीच, आणि ती पकडायलाच तर मी बसले होते. पण वहीप्रमाणे चौथी नीट गेली — म्हणजे पाचवीत आपण दुप्पट दारू भरली, असं काकांनी धरलं. आठवड्यात त्यांनी बंदुकीचं लायसन्स परत केलं. मग गाडी चालवणंही सोडलं. काकूंना ड्रायव्हिंग येत नव्हतं. घर विकून दोघं मुलाकडे लंडनला, एजवेअरला गेले, आणि दोन वर्षांनी काका तिथेच वारले. खरं बोलायला माझ्याकडे किती रविवार होते?

कार्डिफहून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते. “तुला काही झालं असतं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी? माफ कर गं मला.”

मी म्हटलं, “केलं, काका.”