शेऱ्याचा रिकामा रकाना

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. नव्वदच्या दशकातल्या सिडनीचा विषय निघाला की मी तिथल्या उन्हाळ्यावर बोलतो आणि उठून जातो. आता उठून जायचीही ताकद राहिली नाही, म्हणून लिहितो.

आमच्या सरकारी खात्याचं बजेट कापलं आणि काउंटरवरच्या पाच जागांपैकी दोन जाणार असं ठरलं. वरून सूचना आली: गुण माणसाला नाही, जागेला द्या. देणारा मी. त्या पाचांत वसईचा माझा मित्र होता. या खात्याची जाहिरात त्यानेच मला दाखवली होती. नवीन आलेली आपली माणसं त्याच्याच खिडकीपुढे रांग लावत; तो हिंदीत, मराठीत समजावून त्यांचे फॉर्म भरून देई. पण हे त्याच्या जागेच्या कामांच्या यादीत नव्हतं. गुणांच्या तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तिथे दोन ओळी लिहिल्या असत्या तर जागा ठरवणाऱ्या समितीला त्या वाचाव्याच लागल्या असत्या.

मी पेन उचललं. ठेवलं. चहा करून आलो, तो प्यायलोच नाही. आम्ही रोज एका डब्यातून जेवायचो, सगळ्यांसमोर. आपल्या माणसाला वाचवलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी रकाना रिकामा ठेवला. वर त्याच्या जागेच्या गुणांत एका ठिकाणी पाचाचे चार केले.

त्याची जागा गेली. नाताळात तो पेंडल हिल उपनगरातल्या त्याच्या घरून डबा घेऊन माझ्या दारात उभा.

"घे, पुणेकर. केकमध्ये अंडं आहे, तुझ्या आईंना सांगू नकोस."

"नोकरीचं काय?"

"नो वरीज, मेट. टॅक्सी चालवीन." मग हळूच म्हणाला, "तू भांडला असशील माझ्यासाठी. माहितेय मला."

मी डब्याचं झाकण काढत राहिलो.

पुढे कितीतरी वर्षं त्याने टॅक्सी चालवली. डबा एकही नाताळ चुकला नाही. दर वेळी आज सांगायचंच असं ठरवून मी दार उघडायचो.

गेल्या महिन्यात तो गेला. चर्चमध्ये त्याची मुलगी म्हणाली, "अंकल, दोन शब्द बोला ना. डॅड नेहमी सांगायचे, तुम्ही त्यांच्यासाठी फाइट केलं."

मी पुढे गेलो आणि केकमधल्या अंड्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. खिशातला कागद खिशातच राहिला. त्यावर लिहिलं होतं: पाचाचे चार मी केले. मी भांडलो असेन असं तू म्हणालास तेव्हाही गप्प बसलो. मला माफ कर.