पिनालोंगातली खरी नावं

देवरावाचे हात मिरचीनं जळेनात, तेव्हा त्याच्या आईला कोण आनंद झाला होता! भिवापूरच्या बाजूचं गाव. हंगामात घरोघरी लाल मिरचीचे ढीग, आणि देठ खुडून खुडून बायामाणसांच्या हातांची नुसती आग. बाया ताकात हात बुडवून बसायच्या. हा पंधरा वर्षांचा पोरगा मात्र दिवसभर खुडायचा, हात झटकायचा आणि जेवायला बसायचा. "माह्या लेकाच्या हातात देव हाये," असं आई शेजारणींना सांगत सुटली. वर्षभरातच चुलीतलं जळतं लाकूड त्यानं हातात धरलं, ते मांस पोळल्याचा वास आल्यावर त्याला कळलं. बाप समजायचं ते समजला. त्यानं पोराला नागपूरला आणलं, उमरेड रोडवरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या फाटकाशी उभं केलं आणि जाताना एकच मागणं मागितलं. "खरं नाव सांगू नोको बाप्पा. तुह्या बहिणीचं लगन व्हाचं हाये."

म्हणून तो देवराव झाला. खरं नाव दुसरंच, आणि ते इथंही लिहिणार नाही. का ते पुढं कळेल.

वसाहतीत सगळ्यांचंच तसं होतं. देवराव सातवी शिकलेला, म्हणून नव्या माणसांची नोंद करायचं काम त्याच्याकडे आलं. भेदरलेला माणूस समोर बसला की तो हळूच सुचवायचा, "देवाचं नाव घे गा, ध्यानात राहते." परिणाम असा झाला की वसाहतीत अकरा राम झाले, सीता सात. एकदा तर दोन राम एकाच खाटेवरून भांडले आणि सोडवायला गेला तोही रामच निघाला. हसायचे सगळे, देवरावही हसायचा. पण आपल्या गावी आपलं श्राद्ध उरकून टाकलंय, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक होतं.

तिथंच त्याचं लग्न झालं. कौसल्या त्याच्यासारखीच आलेली, डाव्या हाताची तीन बोटं गेलेली, जिभेला मात्र हाड नाही. लग्नाच्या आधी त्यानं तिला आपलं खरं नाव सांगितलं. गावाबाहेर ते जाणणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ती पडली बायको. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

बेटाची गोष्ट आली ती ब्याऐंशी साली. वसाहतीचे गिरिधर डॉक्टर परदेशी शिकून परतले होते. एका संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या खोलीत पांढरी चादर ताणली, मशीन लावलं आणि चित्रं दाखवायला सुरुवात केली. निळंशार पाणी, त्यातून वर आलेली दगडी तटबंदी.

"हे बेट ग्रीस देशातलं," डॉक्टर म्हणाले. "क्रीटच्या किनाऱ्याला लागून आहे. नाव स्पिनालोंगा."

चारशे वर्षांपूर्वी व्हेनिसवाल्यांनी तुर्कांना अडवायला हा किल्ला बांधला. असा पक्का बांधला की सगळं क्रीट तुर्कांनी घेतलं, तरी हा खडक पुढं चाळीसेक वर्षं त्यांना वाकुल्या दाखवत राहिला. मग तोही पडला. तुर्कांनी आत घरं बांधली, दुकानं थाटली, पिढ्या काढल्या, आणि एक दिवस तेही गेले. रिकाम्या किल्ल्याचं करायचं काय? तर १९०३ सालापासून तिथं महारोगी नेऊन सोडायला लागले. आधी क्रीटमधले, मग साऱ्या देशातले. शत्रूनं आत येऊ नये म्हणून बांधलेल्या भिंती आपलीच माणसं आत कोंडायला कामाला आल्या, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं.

बोगद्यासारखी काळोखी कमान. होडीतून उतरलेला माणूस तिच्यातून आत जायचा. पलीकडं गल्ली. सुरुवातीला तिथं घाण आणि मरणाची वाट बघत पडलेली माणसं, एवढंच होतं. मग रोग्यांनीच एकी केली, भांडून हक्क मागितले, घरांना चुना लावला. न्हावी आला, कॉफीचं दुकान आलं, नाटकं झाली, लग्नं झाली, पोरं झाली.

तेवढ्यात मागून एक राम ओरडला, "अरे, हे त आपल्यावानीच हाये गा! गोऱ्या लोकायलेबी होते?" आणि एकच गलका झाला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण ही चूल सातासमुद्रापार असेल असं कुणाला वाटलं होतं? मागच्या जन्मीचं पाप म्हणून वर्षानुवर्षं माना खाली घातलेली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. दोघी सीता तर रडल्याच.

डॉक्टरांनी शेवटचं चित्र लावलं. औषध निघालं, माणसं बरी झाली, सत्तावन्न साली बेट बंद झालं. सगळे गेले, एक पाद्री मागं राहिला. त्यांच्या धर्मात मेलेल्या माणसासाठी चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी प्रार्थना करायची रीत. बेटावर जे शेवटी मेले त्यांची पाच वर्षं भरेपर्यंत तो थांबला आणि मगच होडीत बसला, असं सांगतात.

"अन् त्या फादरचं मंग कोनं केलं?" कौसल्येनं विचारलं.

सगळे खो खो हसले. डॉक्टर मशीनची वायर गुंडाळत बसले.

त्या दिवसापासून वसाहतीचं नाव पिनालोंगा पडलं. पुढचा 'स' कुणाच्याच तोंडात बसला नाही. दिवाळीला घरांना चुना लागला. वाकड्या बोटांत ब्रश फडक्यानं बांधून लावला, पण लावला. फाटकाजवळ चहाचं दुकान निघालं. आणि पाद्र्याची ती गोष्ट या लोकांनी अशी मनावर घेतली की तिची रीतच करून टाकली. मरायला टेकलेल्या माणसानं देवरावाच्या कानात आपलं खरं नाव सांगायचं. ते कधीही लिहायचं नाही, कारण बाहेर कुणाची बहीण नांदते आहे, कुणाचा भाऊ मास्तर आहे. पण सर्वपित्रीच्या दिवशी प्रत्येकासाठी पळसाच्या पानावर भाताचा घास ठेवून ते मोठ्यानं घ्यायचं, कावळ्यांना ऐकू जाईल असं. बौद्ध असलेली सरिता मरताना म्हणाली होती, "मले कावळ्याचं नोको, नुसतं नाव घेजो." तिचं पान नाही, नाव मात्र दरसाल व्हायचं. शेवटी जो मरेल त्याची पाच वर्षं भरेपर्यंत एकानं थांबायचं, असंही ठरलं. देवराव वयानं सगळ्यांत लहान, तेव्हा अठ्ठावीसचा. तो हो म्हणाला. त्या वयात हो म्हणायला काय लागतं?

औषधानं तोही बरा झाला, कौसल्याही. पण औषध अंगातला रोग काढतं, लोकांच्या मनातला नाही. त्यांचा मुलगा अनंत दूरच्या वसतिगृहात शिकला, लकडगंजात लाकूड चिरायच्या एका आरामशीनवर मॅनेजर झाला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं सासऱ्याला सांगितलं की आईवडील लहानपणीच वारले. हे त्यानं आईबापाला येऊन सांगितलं, खाली मान घालून. कौसल्या दोन दिवस जेवली नाही. देवराव काय बोलणार? खोटं नाव सांगून जगायचं कसब त्यानं स्वतःच घरात आणलं होतं. अनंत महिन्यातून एकदा एकटाच यायचा, फळं ठेवायचा, घड्याळ बघायचा.

एकेक करून पिनालोंगा रिकामं झालं. करोनाच्या साली भादव्यात तिथं दोघंच उरली होती, आणि कौसल्येला ताप भरला. प्लास्टिकचे झगे घातलेली माणसं गाडी घेऊन आली. देवरावाला जवळ येऊ देईनात; त्या दिवसांत तोच नियम होता. दार लावता लावता आतून तिनं हाक मारली. अहो नाही, अवो नाही. त्याचं खरं नाव. पन्नास वर्षांत ते कुणी हाक म्हणून मारलं नव्हतं. देवरावाला आधी कळलंच नाही की ती आपल्यालाच बोलावतेय. ओ द्यायच्या आत गाडी फाटकाबाहेर गेली. तिचं तोंड त्याला पुन्हा दिसलं नाही, आणि ओ दिली नाही याचा सल त्याच्या काळजातून कधी गेला नाही. त्या वर्षी सर्वपित्रीला त्यानं एकशे बारावं नाव तिचं घेतलं.

वसाहत चालवणाऱ्या ट्रस्टनं ती बंद करायचं ठरवलं. देवरावानं पाच वर्षं मागितली. म्हाताऱ्याचं खूळ म्हणून त्यांनी ती दिलीही. पाचव्या वर्षी गार्गी नावाची आर्किटेक्ट मुलगी आली. फाटकावरची जुनी कमान आणि जेवणाची खोली जपून तिथं एक स्मारक करायचं होतं. पोर भली होती. देवरावानं पिनालोंगाची गोष्ट सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले आणि तिनं लगेच फोनवर ते बेट काढून दाखवलं. आता तिथं होड्या भरभरून माणसं येत होती, तिकीट होतं, कमानीत उभं राहून पोरी फोटो काढत होत्या.

"आता हेरिटेज आहे ते, काका. जगभरातून लोक बघायला येतात."

"तवा कोनी येत नोयते," देवराव म्हणाला. "अन् मेलेल्यायचे नावं लिहून हायेत का तिथं?"

तिनं बोटानं फोटो मोठा केला. समुद्राकडं तोंड करून सिमेंटच्या कबरी ओळीनं होत्या. फोटोत तरी एकीवरही नाव दिसत नव्हतं.

"आपण लिहू ना," ती घाईनं म्हणाली. "आपल्याकडं तुमची नोंदवही आहे. सगळ्यांची नावं दगडावर कोरून घेऊ."

आणि तिनं कोरून घेतलीही. पंधरा दिवसांनी काळा दगड आला. अकरा राम, सात सीता, देवांची अख्खी फौज. देवरावानं दगडावरचं एकेक नाव वाचलं. यातल्या एकाही नावाचं माणूस कधी जन्मलंच नव्हतं. इतक्या मेहनतीनं या पोरीनं एकशे बारा खोटी नावं अमर केली होती, आणि ती सगळी त्याच्याच अक्षरातून आली होती.

त्याचा चेहरा बघून तिनं खोदून विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं ताबडतोब फोन पुढं धरला. "मग खरी सांगा, काका. मी रेकॉर्ड करते. नाहीतर तुमच्यानंतर ती जातीलच."

हे देवरावाला कळत नव्हतं का? रोज सकाळी दात घासताना तो ती नावं मनात म्हणायचा आणि हल्ली एखाद्या ठिकाणी अडखळायचा. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण ज्यानं त्यानं शपथ घालून कानात टाकलेली नावं. "नाही वं पोरी," तो म्हणाला, "ते माह्ये नाहीत द्यायले." तिनं फोन खाली घेतला.

सर्वपित्रीला अनंत त्याला न्यायला आला. घरी नाही. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक वृद्धाश्रम बघितला होता. देवरावानं सकाळीच भात शिजवला होता, पळसाची पानं कडुनिंबाखाली मांडली होती. तो एकेका पानाशी वाकला आणि नाव घेत गेला. तीन ठिकाणी अडला. दोन नावं आठवली. एक आठवेना. तो त्या पानाशी उकिडवा बसला, कपाळावर हात मारला, मागून पुन्हा म्हणत आला, तरी आठवेना. "माफ कर रे बावा," असं म्हणून त्यानं तिथं नुसताच घास ठेवला. कौसल्येचं नाव त्यानं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू घेतलं. पाच वर्षं भरली.

मग त्यानं आणखी एक पान मांडलं.

"हे कोनाचं?" लांब उभ्या अनंतनं विचारलं.

"माह्यं. तुह्यी माय डॉक्टरले इचारत होती, फादरचं कोनं केलं म्हून. इथं ये. एकडाव कानानं आयकून घे. वर्साकाठी घेतलं त घेतलं, नाही त नाही."

अनंत जागचा हलला नाही. "मले नका सांगू, बाबा," तो म्हणाला. "एक खोटं निभवता निभवता मी मरून राहिलो. हे खरं मी कुठं नेऊ?" आणि तो वळला, फाटकाशी गेला आणि त्यानं गाडी सुरू केली.

देवरावाला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा पोराचा एवढा राग आला. गाडीच्या आवाजावर आवाज चढवून त्यानं आपलं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, गावासकट. कावळा एकही आला नाही. नाव अनंतला ऐकू गेलं की नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही. पिशवी उचलून तो गाडीवर मागं बसला. कमानीतून बाहेर पडताना त्यानं वळून बघितलं नाही.

वृद्धाश्रमातल्या बाई फॉर्म भरत होत्या.

"आजोबांचं नाव?"

अनंतनं बापाकडं बघितलं. क्षणभर देवरावाला वाटलं, आता हा सांगतो.

"देवराव," अनंत म्हणाला.

"आणि तुम्ही यांचे कोण?"

काउंटरच्या कडेवर अनंतची बोटं घट्ट रुतली होती. चांगली पाच, धडधाकट. देवरावानं ती बघितली आणि त्याचा राग पार उतरला. सोळाव्या वर्षी फाटकाशी उभं राहून जी गोष्ट बापासाठी केली होती, ती आता लेकासाठी करायची होती, एवढंच.

"वळखीचा पोरगा हाये, बाई," तो म्हणाला. "लय करते माह्यासाठी."

बाईंनी तसं लिहून घेतलं.