फुलसावंगीच्या खळ्यावर आठ सकाळी

ओटा मिळणार नाही म्हणाले, आणि वर हसले. सगळ्या पंचांसमोर दादाराव भाऊजी हसले आणि म्हणाले, "दिवसभर निंदणाले वाकते ते बाई. तिले आनखी आसनं कायले पाहिजेत?" नात्यानं ते माझे चुलत दीर, आणि आपल्या वस्तीच्या पंचांत मोठे, म्हणून मी तिथं तोंड मिटून घेतलं. मला ते जमत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. विहाराचा ओटा पोरांच्या लेझमीला रोज संध्याकाळी मिळतो. पाऊस आला की बकऱ्यांनाही मिळतो. आम्ही बायकांनी आसनांसाठी पहाटेचा अर्धा तास मागितला तर नाही. का, तर बायका उघड्यावर आडव्या पडतील आणि लोक काय म्हणतील.

लोक काय म्हणतात ते मी पाहून आले आहे. म्हणून हा कागद लिहून वाचनालयाच्या भिंतीवर लावते. माझी शाळा दुसरीपर्यंत, जोडाक्षरं चुकली असतील तर मनात दुरुस्त करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणीतरी वाचून दाखवा, आणि मधलं गाळू नका. ज्या बाईला तिकडं जायचं असेल तिच्यासाठी रस्ताही सांगते.

फुलसावंगीला माझी नणंद राहते, गया. गेल्या वर्षी या दिवसांत तिची कंबर अशी धरली होती की ती भिंतीला धरून उठायची. यंदा पोळा झाल्यावर तिचा निरोप आला, "वहिनी, मी पान्याचे दोन गुंड डोक्यावर आनतो. खोटं वाटत असंन तं पाहाले ये." मला खोटंच वाटलं. माझीही कंबर काही नवी नाही, आणि घरात सून सुमन, पाच महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन तीही एक हात कमरेवर ठेवूनच चालते. तिला म्हटलं, आठ दिवसांनी येते, शेण-पाणी पाहा, आणि निघाले. निंदण संपलेलं, वेचणी लागायची होती. वर्षात एवढेच तीनेक आठवडे मजुरीच्या बाईचे मोकळे असतात, तेव्हा जायचं असेल तर आश्विनातच जा.

राळेगावहून सकाळची गाडी धरा, यवतमाळला उतरा. तिथं उमरखेडची गाडी किती वाजता सुटते ते तिघांना विचारा, तिघे तीन वेळा सांगतील, तुम्ही गाडीजवळच बसून राहा. मी भाकरी आणि जवसाची चटणी बांधून नेली होती. चहा घेऊ नका, गरम पाणी असतं. महागावला उतरायचं. दोन्ही गाड्यांचे मिळून चार रुपयांच्या आत होतात. पुढं बैलगाडी मिळाली तर बरं, नाही तर पायी. पाऊस संपला तरी नाल्याला गुडघाभर पाणी होतं, लुगडं वर खोचा आणि लाज सोडा. दोन्ही बाजूंना कपाशी, एखादं दुसरं बोंड फुटलेलं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. आपल्याकडच्यापेक्षा जमीन काळी आहे, हे मला कबूल करावं लागलं.

गया अंगणातच दिसली. दोन गुंड डोक्यावर, एक कमरेवर. मला पाहून उतरवलेसुद्धा नाहीत.

"आता बोल," म्हणाली.

मी पाय धुतले आणि अंबाडीची भाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं आणि काखेत एक पोतं दिलं. घराघरातून बायका पोती घेऊन निघाल्या होत्या. आपल्या बौद्ध वस्तीतल्या वीसेक, तांड्यावरच्या चार बंजारा बाया, आणि एक कुणब्याची विधवा, तिच्या शेतातलंच ते खळं. ज्वारी यायला अवकाश म्हणून खळं रिकामं, शेणानं सारवलेलं, पायाला गार लागणारं. आसनं शिकवायला शाळेतल्या विमलबाई. स्वतः सडसडीत, आवाज मात्र गुरं वळवणाऱ्या बाईसारखा. शिकवायचं त्या काही घेत नाहीत. ज्या दिवशी जी बाई उशिरा येईल तिनं दुसऱ्या दिवशी खळं झाडायचं, एवढाच दंड.

"समोर वाका," विमलबाई म्हणाल्या, "बोटं जमिनीला लागली तर ठीक."

मी वाकले आणि दोन्ही तळहात सपाट टेकवले. बाजूला पाहिलं तर सगळ्याच बायकांचे टेकलेले. विमलबाईंचीच फक्त बोटं लागत होती. मी म्हटलं, "बाई, हे तं आमी सा वर्साचे होतो तवापासून करतो. तुमी काय शिकवता?"

विमलबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे. वाकणं तुम्ही मला शिकवा. आता मागं वाका."

मागं? मागं कोणी कशाला वाकतं? मान वर गेली ती तिथंच अडली. पाठीत दगड बसावा तसं वाटलं. चाळीस वर्षं ज्या बाजूला वाकले ती बाजू तेवढी माझी, दुसऱ्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते. त्या पहिल्या सकाळीच माझा अर्धा ताठा गेला. पालथं पडून छाती उचलायची, तेही जमेना. बाजूची बंजारा बाई मला म्हणाली, "रोज बोटभर उचल. आभाळ पळून नाई जात."

पण खरी अडचण शेवटी आली. विमलबाई म्हणाल्या, "आता उताणं पडा. हात सोडा. काहीच करू नका."

भर उजेडात, उताणं. मी पडले आणि उठून बसले. पदर तोंडावर घेऊन पुन्हा पडले, पुन्हा उठले. कोणाचा सासरा येईल, कोणाचा दीर. गयेला म्हटलं, "हे माह्याच्यानं होत नाई. दिवसा बाई आडवी दिसते ते बाळंतपनात, नाई तं तापात, नाई तं मेल्यावर."

"पयल्या वर्षी तेच झालं ना," गया म्हणाली, आणि परत जाताना तिनं सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी या बायका अशाच रांगेनं पडल्या होत्या, तोंडावर पदर घेऊन. पलीकडच्या गावचा एक गाडीवाला रस्त्यानं चालला होता. त्यानं पाहिलं, बैल तिथंच सोडले आणि धावत सुटला. दुपारपर्यंत तीन गावांत खबर, फुलसावंगीच्या वस्तीत पटकी आली आणि एका रात्रीत बायका गेल्या. कोणाचा भाऊ रडत आला, कोणाचा बाप. एक जण तर कापड घेऊन आला. बहीण चुलीपुढं भाकरी थापताना दिसली, तर त्यानं आधी तिलाच शिव्या घातल्या.

"मंग बंद पडलं असंन," मी म्हटलं.

"पडलं होतं. मंग काशीमायनं पंचाइले सांगतलं, मी बसतो राखनीले."

काशीमाय म्हणजे त्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. दात नाहीत, कमरेत वाकलेली. रोज पहाटे ती काठी घेऊन खळ्याच्या तोंडाशी बसते. रस्त्यानं कोणी आला की ओरडून सांगते, "जा बाप्पा आपल्या वाटेनं, सगळ्या जित्या हाय." आणि बायका आडव्या व्हायच्या आधी ती एक गोष्ट म्हणते, रोज तीच, "पडा वं मायहो. काम आमी पाह्यतो." तिनं म्हटल्याशिवाय एकही बाई पाठ टेकत नाही. ती म्हणजे सगळ्यांची सासूच, आणि सासू म्हणाली म्हटल्यावर मग कोणाची काय लाज. शास्त्रात असं काही नाही, विमलबाईंनीच मला सांगितलं. हे यांचं यांनी काढलेलं आहे. मला त्या आसनांपेक्षा याचं जास्त नवल वाटतं.

तिसऱ्या दिवशी उशिरा गेले, चौथ्या दिवशी खळं झाडलं. सहाव्या दिवशी काशीमायनं म्हटलं, "पडा वं," आणि मी पडले ती पडलेच. वर आभाळ होतं, धुतल्यासारखं. पाऊस येतो की नाही एवढ्यासाठीच मी आजवर आभाळाकडं पाहिलेलं. त्या दिवशी नुसतं पाहिलं. मग डोळा लागला.

जाग आली तर खळ्यावर कोणी नाही. ऊन चढलेलं, पण माझ्या तोंडावर सावली. काशीमाय माझ्या उशाशी बसली होती, आपला पदर दोन्ही हातांनी ताणून. हात अवघडून गेले होते.

"काहून उठवलं नाई माय?" मी धडपडून उठले.

"उठवाले काय, घर जळून राह्यलं होतं काय?" ती म्हणाली. "घोरत होती. चांगली घोरत होती."

मी तिच्या हातांना तेल लावून दिलं. दुसरं काय देणार.

आठव्या दिवशी निघाले तेव्हा माझी मान बोटभर जास्त मागं जात होती. गयेनं ते पोतं माझ्याच अंगावर टाकलं, "ने, आमच्याकडं लय हायेत." विमलबाईंनी सगळी आसनं एका कागदावर काड्यांची माणसं काढून दिली, वाचता न येणाऱ्यांसाठी.

घरी आले. सुमन चुलीपुढं होती, एक हात कमरेवर, लेकरू मांडीवर. मी अंगणात पोतं टाकलं आणि म्हटलं, "पड."

तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हणाली, "आत्याबाई, काय चुकलं माह्यं?"

तीन वर्षं झाली तिला या घरात येऊन. त्या तीन वर्षांत मी तिला पड म्हटलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. बाळंतपणात दहाव्या दिवशी मीच तिला विहिरीवर पाठवलं होतं. मी लेकरू घेतलं आणि म्हटलं, "काही चुकलं नाई. पड. काम मी पाह्यतो." ती पडली, पण डोळे उघडे ठेवून, दाराकडं पाहत. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटले. पाचव्या दिवशी शेजारच्या दोघी पोतं घेऊन आल्या. माझं अंगण तिघींनी भरतं, आणि आता आम्ही अकरा आहोत. म्हणून ओटा मागितला.

तर दादाराव भाऊजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. वाकायला आम्हाला कोणी शिकवायला नको. पाठ टेकायला मात्र वस्तीनं हो म्हणावं लागतं, नाही तर बाई आपल्याच घरात चोरासारखी पडते. राखणीला तुमच्या आईंना मी विचारलं आहे. त्या काठी शोधून ठेवतो म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात वेचणी लागेल, मग कोणाला वेळ नाही. येत्या गुरुवारी, संध्याकाळच्या वंदनेआधी, पंचांनी हो किंवा नाही सांगावं. विचार करतो असं सांगू नये. काही न सांगितल्यास शुक्रवारी पहाटे अकरा पोती तुमच्या अंगणात अंथरली जातील, आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाडीवाल्यांना सगळ्या जित्या आहेत हे तुम्हालाच उठून सांगावं लागेल. गुरुवार, वंदनेआधी.