नावाड्याची बायको

दुपारी जेवण झालं की मी खिडकीपाशी खुर्ची ओढतो, चष्मा पुसतो आणि होडी पाण्यात घालतो. होडी खरी नाही. पाणीही खरं नाही. फोनवर चार ओळी लिहायच्या, एवढंच. पण लिहून झालं की माझे खांदे दुखतात, ते मात्र खरं.

मी शिंपी. जातीने नाही, कामाने. चौथीपर्यंत शाळा झाली, मग बापाने मराठवाड्यातून उचलून घाटकोपरला आणलं आणि एका दुकानात काजं करायला बसवलं. पुढे स्वतःचं मशीन घेतलं. चाळ होती तोवर ते दारात असायचं. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला त्यात वरचं घर मिळालं आणि मशीन खिडकीत आलं. खिडकीतून लांब खाडी दिसते. तिवरांची हिरवी पट्टी, तिच्यामागे चकाकणारं पाणी आणि थंडीत त्या पाण्यावर पक्ष्यांचा एक गुलाबी डाग. माझी बायको त्या खिडकीत बसून बटणं लावायची. मागच्या वर्षी ती गेली. मशीनवर आता तुळस आणि कोरफडीच्या कुंड्या आहेत.

ती गेल्यावर मी काय करत होतो म्हणाल, तर सुनेच्या पाठीमागे लागलो होतो. सून घरूनच ऑफिसचं काम करते. वरण पातळ का, पंखा एवढा जोरात का, दार कुणी उघडं टाकलं, असं माझं दिवसभर चालायचं. एकदा तिने लॅपटॉप मिटला, माझ्यासमोर येऊन बसली आणि एका खेळाबद्दल सांगायला लागली. ती फावल्या वेळात तो खेळते. चित्रं नाहीत, गोळीबार नाही, नुसती अक्षरं. खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे, कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं. खेळणारे कुठल्याकुठल्या शहरांतले, एकमेकांची खरी नावं कुणाला ठाऊक नाहीत. ज्याने त्याने गावातला एक माणूस घ्यायचा आणि त्याच्या तोंडून लिहायचं. ती त्या गावात कुंभारीण होती.

मी म्हटलं, म्हणजे खोटं बोलायचा धंदा.

"पप्पा, तुम्ही दिवसभर भिंतीशी बोलता, ते काय खरं असतं?"

मी चष्मा चढवला. फोन घेतला.

खेळाचा कायदा एकच. दुसऱ्याच्या माणसाचं आपण लिहायचं नाही. मी त्याला ढकललं, इथपर्यंत माझं. तो पडला की नाही, हे तो लिहिणार. मला हे पटलं. लग्नाच्या वेळी कुणी हा कायदा सांगितला असता तर आमची निम्मी भांडणं वाचली असती.

लोकांनी मोठीमोठी सोंगं घेतली होती. कुणी मांत्रिक, कुणी परागंदा राजपुत्र. नावाडी कुणी घेतला नव्हता. म्हटलं, आपण घेऊ. खरं तर मी आयुष्यात वल्हं हातात धरलेलं नाही. कधीतरी सुट्टीला बोरिवलीहून पुढे जाऊन गोराईच्या होडीत बसायचो, तेवढंच. बायको पाणी संपेपर्यंत डोळे मिटून कडेला घट्ट धरून बसायची आणि पलीकडे उतरली की म्हणायची, काय झकास वाटलं.

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. गावचा सावकार होडीत बसला. मी लिहिलं, 'बसा. निघालो.' आणि फोन मांडीवर ठेवून खिडकीतून खाडीकडे बघत राहिलो. एवढं पाणी कापायचं म्हणजे वेळ लागणारच. ऊन तिवरांवरून सरकत होतं, एक बगळा चिखलात उभा होता. बऱ्याच वेळाने फोन पाहिला तर ओळीवर ओळी. पोहोचलो का? नावाडी झोपला का? अरे यार, कुणीतरी उठवा त्याला. सून आतून ओरडली की पोहोचलो म्हणून लिहा, दोन सेकंदांचं काम आहे. मी म्हटलं, पाणी आहे ते, लिफ्ट नाही.

सगळे हसले. मग हळूहळू त्यांना त्याची सवय झाली. माझ्या होडीत बसलं की पलीकडे पोहोचेपर्यंत करायला काही नसायचं. माणूस रिकामा बसला की बोलतो. सावकाराने मांत्रिकाला आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. एका कोळणीने तिला समुद्राची भीती वाटते हे फक्त होडीत कबूल केलं. त्यातलं कुठलं सोंगाचं आणि कुठलं खरं, ते मी विचारलं नाही. वल्हं मारायचं आणि ऐकायचं. कधीकधी ऐकता ऐकता माझी खुर्ची किंचित डोलायला लागायची, खिडकीची चौकट वरखाली व्हायची आणि पायाशी गार पाणी आल्यासारखं वाटायचं.

लोक विचारतात, कंटाळा येत नाही का. येतो तो मांत्रिकाला. त्याने होत्या तेवढ्या जादू केल्या आणि एके दिवशी यायचाच बंद झाला. राजपुत्राला गादी मिळाली, त्यानंतर तोही दिसला नाही. गादी मिळाल्यावर करणार काय? माझं तसं नाही. कुणाला ना कुणाला रोज पलीकडे जायचं असतं. सोंग घ्यायचंच असेल तर कामाचं घ्यावं, हे माझं मत. काम असलं की माणूस उद्या पुन्हा येतो.

नावाड्याला मी बायको दिली. पलीकडच्या काठावर एक झोपडी लिहिली, दारात शेवगा लिहिला आणि आत ती. तिच्याबद्दल फार लिहीत नव्हतो. शेवटच्या फेरीनंतर झोपडीत गेलो. तिने पेज वाढली. ती दारात उभी होती. एवढंच. पण तेवढं लिहिलं की दुपार भरायची. तिथे हॉस्पिटल नव्हतं, सलाइन नव्हतं. शेवग्याची पानं हलत होती आणि बाई दारात उभी होती.

मग एक दिवस ॲडमिनचा निरोप आला. खेळाचा कारभार तो पाहतो, मी त्याला मुकादम म्हणतो. त्याने लिहिलं होतं, काका, पलीकडच्या झोपडीतली बाई कुणी खेळत नाही. एक नवीन ताई आल्यात, त्यांना ती हवी आहे. देऊ का?

मी फोन पालथा ठेवला. होडी बंद केली.

सांगितलं कुणालाच नाही. नुसता गेलो नाही. इकडे गावाची वाट लागली. एक वरात पलीकडे गेली होती, ती तिकडेच अडकली. नवरदेव बाशिंग बांधून धक्क्यावर बसून. वैद्याचं औषध या काठाला, आजारी माणूस त्या काठाला. सावकार दोन्ही काठांना शिव्या घालत होता. मी सगळं वाचत होतो, लिहीत काही नव्हतो.

शेवटी सुनेने मला ओट्यापाशी गाठलं. मेथी निवडत होती. अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, होडी का बंद आहे, माझी मडकी तिकडे पडलीत. तिला काय सांगायचं? मी पानं खुडत राहिलो. मग सांगितलं.

"परकी बाई तिच्या तोंडात शब्द घालणार. आधीच मला तिचा आवाज नीट आठवेना झालाय. काय बोलायची ते आठवतं गं. कसं बोलायची, ते सटकतंय. त्यात ही भेसळ."

तिने देठं बाजूला केली. मग म्हणाली, आमच्या लग्नाच्या व्हिडिओत आहेत की आई. मी म्हटलं, त्यात ती फोटोग्राफरशी बोलते. माझ्याशी नाही.

"पण पप्पा, झोपडीतली बाई तरी कुठे तुमच्याशी बोलते? मुकीच ठेवलीय तुम्ही तिला. आई गप्प बसणाऱ्या होत्या का?"

गप्प? चाळीत नळावर भांडण लागलं की लोक तिला बोलवायला यायचे. ती नुसती जिन्यावरून ओरडली तरी हंडे रांगेत लागायचे. आणि त्या बाईला मी इतके दिवस दारात उभी करून ठेवली होती, फोटोसारखी. एक वाक्य लिहायची हिंमत झाली नव्हती. लिहायला गेलो असतो तर कळलं असतं की मला येत नाही.

मुकादमाला कळवलं, द्या ताईंना, एक दिवस बघतो. नाही जमलं तर झोपडी पाडून टाकीन.

दुसऱ्या दिवशी वरात अलीकडे आणली, औषध पलीकडे नेलं आणि फेऱ्या संपवून झोपडीत गेलो. ऊन खाली आलं होतं. मी लिहिलं, 'आलो.'

तिचं उत्तर आलं. 'आलात? किती वाट पाहिली मी तुमची. दमला असाल ना? पाय धुवायला ऊन पाणी काढलंय.'

वाचून मला हसायलाच आलं. माझी बायको असं बोलली असती तर मी डॉक्टर बोलावला असता. ती कशी बोलायची? चप्पल बाहेर. पिशवीत काय आणलंय ते आधी सांगा.

आणि मी दचकलो. कारण हे मला आठवलं नव्हतं. हे ऐकू आलं होतं. पहिला शब्द जरा ओढून, शेवट तोडून, मागे कढईवर डावाचा टण्ण आवाज. कानाच्या इतकं जवळ की मी मान वळवली. मागे मशीन होतं, कुंड्या होत्या.

तेवढ्यात ताईंची पुढची ओळ आली. 'बाही फाटलीय तुमची. हलू नका, अशीच शिवून देते.' आणि तिने सुई ओवली.

आता अंगावरचा कपडा अंगावर शिवत नाहीत. शिंप्याच्या घरात तर नाहीच. आमच्या घरात देवधर्म, शकुन, अपशकुन काही नव्हतं, आम्ही विहारात जाणारी माणसं. पण सुई हातात आली की बायको म्हणायची, आपण मानत नाही, तरी शर्ट काढा. गिऱ्हाइकाला घाई असली, बटण अंगावरच लावायचं असलं, तर ती दोऱ्याचा तुकडा तोडायची आणि त्याच्यापुढे धरायची, धरा दातात. दातात दोरा असला की चालतं, अशी रीत. भलेभले साहेब टाय लावून दातात दोरा धरून आमच्या दारात मुकाट उभे राहायचे. ते गेल्यावर ती म्हणायची, तेवढाच वेळ गप्प बसतात बघा.

मला लिहायचं होतं, असं नसतं करायचं. लिहिलं आणि पुसलं. शिवायचं की नाही ते तिने ठरवायचं, कायदाच तसा होता. मी माझ्या माणसाचं लिहिलं. 'नावाडी दोऱ्याचा तुकडा तोडतो आणि दातात धरतो.'

तिला ही रीत ठाऊक नसावी. तिने विचारलं, हे काय? पण दातात दोरा असलेला माणूस बोलतो कसा? मी काही लिहिलं नाही. मग बोलायचं तिच्यावरच आलं.

ती बोलायला लागली. हळूहळू, टाक्याटाक्याने. शेवग्याला कीड लागली आहे. काठ पाण्याने खचत चाललाय, झोपडी मागे घ्यावी लागेल. आज शेजारणीची शेळी आत शिरली. तुम्हाला यायला उशीर झाला की मी दिवा दारात आणते, मग वारा तो विझवतो, मग मी पुन्हा लावते. ती गोड बोलत होती, लांबलचक बोलत होती, एकही वाक्य माझ्या बायकोचं नव्हतं. आणि दर वाक्याखाली, अस्तरासारखं, माझ्या बायकोचं वाक्य ऐकू येत होतं. शेळी शिरली? मग तू काय शेळीचं तोंड बघत बसली होतीस? काठ खचतो तर खचू दे, आधी छपराचं बघ. दिवा, म्हणे. दिवे लावलेत मोठे.

दोन बायका एकदम बोलत होत्या. एक फोनच्या काचेवर, एक कानात. खाडीत भरती चढत होती, तिवरं कमरेपर्यंत बुडाली होती, घरात पाण्याचा उजेड हलत होता, भिंतीवर, कुंड्यांवर, माझ्या हातांवर. फोन नुसता धरून मी बसलो होतो, आणि खरं सांगतो, ओठ मिटलेले होते, दात दातांवर घट्ट, जसं काही दोरा सुटला तर दोघीही गप्प होतील.

बऱ्याच वेळाने ओळ आली. 'झालं. सोडा आता.'

मी सोडला. खालून शाळेच्या बसचा हॉर्न आला आणि खोली पुन्हा जागेवर आली.

झोपडी पाडली नाही. मुकादमाला सांगितलं, ताईंना राहू दे. आता ती बाई माझी नाही, नावाड्याची आहे. त्यांचा संसार वेगळा. ती त्याला 'अहो ऐकलंत का' म्हणते, भातात तूप वाढते, रुसली तर दोन दोन दिवस रुसते. माझी बायको रुसायची नाही, सरळ भांडी आपटायची. ती रुसली की मला आपटणं ऐकू येतं.

परवा सुनेने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "पप्पा, आईंसारखी बोलते का हो ती?"

"अजिबात नाही. एकूण एक वाक्य चुकते."

"मग ॲडमिनला सांगू का? आई कशा बोलायच्या ते मी लिहून देते, तो त्यांना समजावेल."

"खबरदार," मी म्हटलं. "शिकली ना ती, तर मला ऐकू यायचं बंद होईल."