आमचे उंदीरमामा

कंपनीत त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांचे ते उंदीरमामा. नाव कुणी चिडवायला ठेवलं नव्हतं. प्रयोगशाळेचे उंदीर सांभाळणारा माणूस, त्यात वयाने सगळ्यांत मोठा, दुसरं काय म्हणणार? मामांनाही ते आवडायचं. "घरात मांजर पाळा असं शेजारीण सांगत होती," ते म्हणायचे. "म्हटलं नको, खाल्ल्या मिठाशी बेइमानी होईल."

मी त्याच कंपनीत खरेदी विभागात होतो आणि मामा-मामींच्या घराच्या अगदी खालच्या मजल्यावर राहत होतो. म्हणून त्यांचं कामही मी पाहिलं आणि घरही.

आधी ते अंडी उबवण्याच्या केंद्रात होते. ते बंद पडल्यावर डॉक्टरबाईंकडे, म्हणजे कंपनी काढणाऱ्या बाईंकडे, मुलाखतीला गेले. बाईंनी विचारलं, "रविवारी याल का? उंदरांना रविवार नसतो." मामा म्हणाले, "कोंबड्यांनाही नव्हता." झाली मुलाखत.

तेव्हा कंपनी म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. खालून शाईचा वास यायचा, आतल्या खोलीतून भुशाचा. जेवायला सगळे एकाच टेबलाशी, डॉक्टरबाईसुद्धा. कंपवातावर औषध शोधायचं, हे एकच वेड. कंपवातात माणसाचे हात थरथरतात, पाय जड होतात, चेहरा दगडासारखा होत जातो. उंदरांमध्ये तसाच आजार मुद्दाम आणायचा आणि त्यांना औषध देऊन पाहायचं, असं काम चालायचं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, आणि कोण खातंय, कोण कोपऱ्यात बसलंय हे बघणं, ही मामांची ड्यूटी.

मग मामींचा हात थरथरायला लागला.

मामी शाळेचे गणवेश शिवायच्या. एके दिवशी सुईत दोरा जाईना. त्यांना वाटलं चष्मा बदलायला झाला. चष्मा बदलला, तरी दोरा जाईना. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामा तिथेच होते. पुढे मला म्हणाले, "तो माणूस बोलायच्या आधीच मला कळलं होतं. रोजच बघतोय की." ऑफिसात मात्र कितीतरी महिने त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आजारी उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी थोडे जास्त वेळ रेंगाळायचे, एवढंच.

कंपनीत एक यंत्र होतं. आडवा दांडा सावकाश फिरत राहतो आणि उंदराला त्यावर ठेवतात. धडधाकट उंदीर दांड्याबरोबर चालत राहतो, आजारी उंदीर लगेच खाली पडतो. त्या दुपारी नवं औषध दिलेला आजारी उंदीर दांड्यावर ठेवला आणि तो चालू लागला. दुसराही चालला, तिसराही. डॉक्टरबाई खुर्चीत बसून रडायलाच लागल्या. मामांनी घरी येऊन झाडूचा दांडा हातात धरला, तो फिरवत मामींना सगळं करून दाखवलं. मी जिन्यात उभा होतो, मलाही आत ओढून बसवलं. मामी सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मला आता दांड्यावर चढवणार वाटतं." पण त्या हसत होत्या. त्या घरात आशा शिरली ती त्या दुपारी.

त्या दुपारी दांड्यावरच्या उंदरांचा व्हिडिओ काढला होता, त्यावर कंपनीत पैसा आला आणि मग जे सुरू झालं त्याला वाढ म्हणायची की पूर, कोण जाणे. छापखाना सुटला, काचेची इमारत मिळाली. खुर्च्या आल्या पण टेबलं आली नव्हती, तर माणसं मांडीवर कॉम्प्युटर घेऊन कामाला बसली. आधी मी भुशाचं पोतं स्कूटरवर आणायचो, आता ट्रक यायला लागला. आज ज्याला साहेब म्हटलं तो पुढच्या महिन्यात दुसऱ्याच खात्यात. जेवणाच्या हॉलमध्ये ओळखीचा चेहरा शोधावा लागे. मामांच्या हाताखाली माणसं आली, पण पाण्याच्या बाटल्या ते स्वतःच भरत राहिले.

मामींचं दुखणंही थांबलेलं नव्हतं. बटण लावणं सुटलं, मग ओतणं, मग लिहिणं. माणसांवरच्या चाचणीला अजून अवकाश होता. आणि एका संध्याकाळी मामींनी मला वर हाक मारली. टेबलावर औषधाची छोटी बाटली होती. उंदरांना टोचून उरलेलं औषध कचऱ्यात टाकायचं असतं. मामा ते डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन आले होते.

"यांना समजावा," मामी म्हणाल्या. "मी काय उंदीर आहे?"

मामा खाली मान घालून म्हणाले, "उंदीर बरे झालेत गं."

"झाले असतील. पण मला काही झालं तर तुम्ही उद्या कुठल्या तोंडाने त्यांना पाणी पाजाल?"

दुसऱ्या दिवशी मामांनी ती बाटली नेऊन डॉक्टरबाईंच्या पुढ्यात ठेवली. नोकरी जाणार असं धरूनच गेले होते. बाईंनी बाटली उचलून खणात ठेवली आणि म्हणाल्या, "मामा, माणसात हे काय करेल मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मीच तुमच्या हातात दिलं असतं. चाचणी सुरू झाली की हॉस्पिटलात जा. सगळ्यांसारखं रांगेत उभं राहा. मी शब्द टाकणार नाही." मामांना ते रास्त वाटलं.

चाचणी सुरू झाली आणि मामींना तिच्यात घेतलं गेलं. हॉस्पिटलात नीट समजावून सांगितलं होतं की निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय हे खुद्द डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. मामींनी मान डोलावली. मामांनीही डोलावली, पण त्यांचं मन केव्हाच औषधाच्या बाजूला जाऊन बसलं होतं.

आणि मामींना फरक पडला. मी डोळ्यांनी पाहिलं. एका रविवारी त्यांनी मला चहा दिला तो स्वतः कप धरून, बशीत एक थेंब न सांडता. शेजारच्या मुलीच्या गणवेशाचं बटण लावून दिलं. मामांना तर हर्ष आवरेना. पिंजरे धुताना शीळ घालत, आणि कुणी विचारलं तर "काही नाही, काही नाही" म्हणत. चाचणीतल्या माणसाचं काही कंपनीत सांगायची मनाई होती ना.

निकालाच्या दिवशी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. डॉक्टरबाई कागद न घेता उभ्या राहिल्या. म्हणाल्या, औषधाने काही अपाय झाला नाही, पण पाणी घेतलेल्यांपेक्षा औषध घेतलेल्यांना जास्त गुणही आला नाही. हे काम इथेच थांबतंय. कुणीतरी नोकऱ्यांचं विचारलं. बाई म्हणाल्या, मधुमेहावरचं दुसरं औषध चांगलं चाललंय, कुणाला घरी जावं लागणार नाही. तेव्हा आजूबाजूच्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. माझाही त्यात होता. मामा मागच्या दाराशी उभे होते. वळून बघितलं तोवर निघून गेले होते.

हॉस्पिटलातही बोलावणं आलं. कुणाला काय दिलं होतं ते आता सांगता येणार होतं, हवं असेल तरच. मामा म्हणाले, नको. मामी म्हणाल्या, मला हवंय. डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं, "तुम्हाला पाणी होतं."

मामी आधी हसल्या. मग त्यांनी विचारलं, "मग तो कप मी कुणाच्या जोरावर धरला?"

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, माणसाच्या आशेतही ताकद असते. हे सगळं मला मामींनीच सांगितलं, आणि तेव्हा त्यांचा हात मांडीवर पुन्हा हलायला लागलेला होता. पुढच्या काही आठवड्यांत तो होता त्याच्यापेक्षा वाईट झाला. मामा म्हणत राहिले, "विचारलंच नसतंस तर." त्यावर मामी म्हणायच्या, "विचारलं नसतं तर तुमच्यासाठी नाटक करत बसावं लागलं असतं. तेवढा जोर आता नाही माझ्यात."

इकडे कंपनीला मधुमेहाच्या कामासाठी खोल्या हव्या होत्या. कंपवाताचे उंदीर संपवायचं ठरलं, आजारी तेही आणि दांड्यावर चाललेले तेही. हे काम हाताखालच्यांवर टाकता आलं असतं. मामांनी टाकलं नाही. एकेक पिंजरा आणून पेटीत ठेवायचा, वायू सोडायचा, झोप लागेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. सही घ्यायला मी दाराशी गेलो होतो. त्यांनी काचेतून मला बघितलं आणि हातानेच जा म्हणून सांगितलं.

घरी गेल्यावर मामींनी विचारलं, "ते बरे झालेले कुठायत हो?"

मामांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं.

मामी म्हणाल्या, "असू दे. बरे होऊन गेले बिचारे."

मामांनी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

त्यानंतर मामी तीन वर्षं होत्या. शेवटी शेवटी बोलणं कळेनासं झालं. मामांना तेवढं कळायचं, आणि आम्हाला ते सांगायचे. "म्हणतेय, जाडा झालास," असं काहीतरी. खरंच त्या तसं म्हणायच्या की मामा मनानेच सांगायचे, देव जाणे. त्या गेल्या तेव्हा डॉक्टरबाई आल्या होत्या. मागे बसल्या, निघताना मामांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गेल्या.

मधुमेहाचं औषध चाललं. बाजूच्या जागेवर दुसरी इमारत उभी राहिली. मामा कामावर येत राहिले. चांगला निकाल लागला की हॉलमध्ये केक कापत, सगळे खाली धावत. मामा त्या वेळी पाण्याच्या बाटल्या बदलायचे. एखादी नवी मुलगी उंदीर तळहातावर घेऊन यायची. "बघा मामा, हा किती छान सुधारला." मामा बघायचे, म्हणायचे, "हो, छान आहे," आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळायचे.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण नव्या व्यवस्थापकाने केलं. आधी माझ्याकडे येऊन त्यांचं खरं नाव विचारून गेला होता. मामा उठून "सगळ्यांनी सांभाळून घेतलंत" एवढंच बोलले आणि बसले.

आता ते धाकट्या बहिणीकडे राहतात. परवा मी फोन केला. तब्येत बरी आहे म्हणाले. सवयीने अजून पहाटेच, बाटल्या भरायच्या वेळेला, जाग येते. बहीण उठेपर्यंत मग ते स्वयंपाकघरात ओट्यापाशी नुसते उभे असतात.